रेडिओतला भुंगा

जुनी माणसं आणि जुने रेडिओ यांच्यात एक मोठं साम्य आहे. बटण दाबल्याबरोबर दोघंही बोलत नाहीत. आधी अर्धा मिनिट घसा गरम करतात, एकदोनदा खाकरतात आणि मग सुरू होतात. दुसरं साम्य असं, की बोलत नसतानाही दोघांचं आतल्या आत काहीतरी पुटपुटणं चालूच असतं. माणसाच्या बाबतीत त्याला वय झालं म्हणतात. रेडिओच्या बाबतीत मेकॅनिक लोक 'हमिंग' म्हणतात. आमच्या जुन्नरच्या घरात त्याला सरळ 'भुंगा' म्हणत.

हा रेडिओ आमच्या घरी १९६२ साली आला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, शाळामास्तर. चीनच्या युद्धाच्या बातम्या वेळेवर कळल्या पाहिजेत म्हणून त्यांनी छातीवर दगड ठेवून रेडिओ घ्यायचं ठरवलं. पण अण्णांचा स्वभाव असा, की भेंडीसुद्धा एकेक मोडून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. चार दुकानं, सहा सल्लागार आणि दोन हप्त्यांचा हिशेब होऊन रेडिओ घरी येईपर्यंत युद्धबंदी झाली होती. चिनी परत गेले ते आमच्या रेडिओला घाबरून, असं आई पुढे कित्येक वर्षं म्हणत असे.

पाच व्हॉल्व्हचा, सागवानी पॉलिशच्या पेटीचा, कपाळावर हिरवा डोळा असलेला तो रेडिओ बैठकीत मधोमध विराजमान झाला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल पट्टी ताणली गेली. पोस्टातून परवाना आला. हो, तेव्हा रेडिओला परवाना लागायचा आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून तो नव्याने करून घ्यावा लागायचा. आईने रेडिओला क्रोशाचा रुमाल विणला. त्याला हात लावायची परवानगी मात्र फक्त अण्णांना. आम्ही दोघं भाऊ लांबून दर्शन घेत असू.

अण्णांनी रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने दुरुस्तीची नोंदवही ठेवली होती. तारीख, आजार, उपाय आणि खर्च, पैशापर्यंत. त्यातली शेवटची नोंद अशी होती : 'भुंगा आहे. दुर्लक्ष केले. खर्च नाही.'

पुढे ट्रान्झिस्टर आला, टीव्ही आला, आणि रेडिओ माळ्यावर गेला.

२०१५ साली अण्णा गेले. मी बँकेतून निवृत्त होऊन पुण्यात बसलेला, धाकटा नाशकात, माझा मुलगा अमेरिकेत. आई ब्याऐंशी वर्षांची, आणि जुन्नरच्या त्या घरात एकटी. "पुण्याला चल" हे वाक्य आम्ही दोघा भावांनी तिला इतक्या वेळा ऐकवलं, की रेडिओवरच्या जाहिरातीसारखं ते तिला ऐकू येईनासं झालं. ती एवढंच म्हणायची, "इथं माझं काय अडलंय? शेजारी तात्या आहेत ना."

ते खरंच होतं. तात्यांचा टोमॅटोचा मळा आहे. पहाटे गाडी भरून नारायणगावच्या बाजारात माल पोचवायचा, आणि परत आल्यावर पहिली हाक आमच्या आईला. रोज दुपारी त्यांच्या घरून आईला गरम भाकरी येते. औषधाची चिठ्ठी त्यांच्याकडे, घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. थोडक्यात, आम्ही दोन मुलगे आईची काळजी करत होतो आणि तात्या ती घेत होते.

२०१६ च्या पावसाळ्यात मी महिनाभर जुन्नरला राहायला गेलो. आईला विचारलं, "तुला काय आणू?" ती म्हणाली, "आणू नकोस काही. माळ्यावरचा रेडिओ तेवढा चालू करून दे. वर्षभर घर फार गप्प आहे."

मी माळ्यावर चढलो.

आता इथे एक सूचना करतो, कारण अण्णा असते तर त्यांनी केली असती. वर्षानुवर्षं बंद असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ एकदम प्लगमध्ये घालू नये. आतले कंडेन्सर सुकलेले असतात, ते धूर काढतात, प्रसंगी फुटतात. आणि प्लग काढल्यानंतरही त्यांच्यात झटका देण्याइतकी वीज दबा धरून बसलेली असते. हे मला कसं कळलं ते विचारू नका. उजव्या हाताची दोन बोटं संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलत नव्हती.

मग मी चाचांना बोलावून आणलं. पेठेतले जुने रेडिओ मेकॅनिक. दुकान केव्हाच मुलाच्या मोबाईल दुरुस्तीचं झालेलं, पण व्हॉल्व्हचा रेडिओ म्हटल्यावर त्यांनी चष्मा बदलला. घरून आपला सिरीजचा बोर्ड घेऊन आले. म्हणजे रेडिओच्या वाटेत शंभराचा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि रेडिओ वाचतो. बल्ब आधी लखलखला, मग मंद झाला. अर्ध्या मिनिटाने हिरवा डोळा उघडला आणि पाठोपाठ घर भरून आवाज आला : घूंऽऽऽ.

बातम्या नाहीत, गाणं नाही. नुसता भुंगा. अण्णांच्या वेळेस तो पुटपुटत होता; आता कीर्तन करत होता.

चाचांनी आवाजाचं बटण पूर्ण बंद केलं. भुंगा तेवढाच. पूर्ण उघडलं. तेवढाच. ते म्हणाले, "भाऊ, चोर बटणाच्या पुढच्या खोलीत आहे. मागच्या खोलीत असता तर बटण फिरवल्यावर कमीजास्त झाला असता." मला हे तर्कशास्त्र फार आवडलं. आमच्या बँकेत चौकशी समिती इतकी हुशारी कधी दाखवत नसे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई पदराला हात पुसत आली आणि कान देऊन म्हणाली, "पांढरी पाच आहे. जरा चढी."

सांगायचं राहिलं. आई लग्नाआधी गाणं शिकलेली. लग्नानंतर सासूबाईंनी पेटी माळ्यावर टाकली आणि गाणं तिच्याबरोबर वर गेलं. पण कान खालीच राहिला.

चाचांनी कपाळाला हात लावला. "बराबर बोलल्या आई!" मग मला समजावून सांगितलं. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. रेडिओत एक व्हॉल्व्ह तिचे दोन्ही अर्धे सरळ करतो, म्हणून हेलकावे होतात शंभर. ते कंडेन्सरने गिळून टाकायचे असतात. कंडेन्सर म्हातारा झाला की त्याच्याच्याने गिळवत नाही आणि शंभरचा सूर भोंग्यातून बाहेर पडतो. पेटीवर तो पांढऱ्या पाचच्या किंचित वर लागतो, खालच्या सप्तकात. म्हणजे मुंबईपासून चांद्यापर्यंत अख्खा महाराष्ट्र एकाच सुरात गुणगुणतो. एरवी आपलं एकमत कशावर होतं?

रात्री मुलाला फोनवर हे सांगितलं. त्याने हिशेब केला, तिकडे अमेरिकेत वीज साठची, त्यामुळे तिथला भुंगा एकशेवीसवर. आईला विचारलं तर म्हणाली, "आपला सा धरला तर तिकडचा कोमल गंधार झाला. तरीच फोनवर पोराचा आवाज उदास येतो."

दुसऱ्या दिवशी एसटीने पुणं गाठलं. तपकीर गल्लीत कंडेन्सर मागितला तर काउंटरवरच्या पोराने माझ्याकडे, मी पुराणवस्तू विकायला आलोय अशा नजरेने पाहिलं. सत्तेचाळीस मायक्रोफॅरडचे दोन घेतले. मी म्हणत होतो, जरा मोठाच घ्यावा, दोनशेचा, म्हणजे भुंग्याचं मूळच जाईल. पण चाचांनी बजावून ठेवलं होतं, की आमच्या रेडिओतल्या ईझेड ८० व्हॉल्व्हला पहिला कंडेन्सर पन्नासच्या वर झेपत नाही. चालू करताना एवढा मोठा हंडा भरता भरता तोच दम तोडतो. औषधाचा डोस दुप्पट केला म्हणून आजार अर्ध्या वेळात जात नाही, हे मला साठीनंतर रेडिओने शिकवलं.

नवे कंडेन्सर बसले. भुंगा खूपच खाली आला. चाचा खूश, मी खूश. आई म्हणाली, "गेला नाही. खाली गेला."

"म्हणजे कमी झाला ना आई?"

"अरे, कमी नाही म्हणत मी. खालच्या सप्तकात गेला. आधीचा गेला, हा दुसराच आहे. त्याच्या मागे लपला होता."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. शंभरच्या खालचं सप्तक म्हणजे पन्नास. म्हणजे हा सरळ केलेल्या विजेचा आवाज नव्हेच, हा मूळ विजेचा. तो येतो व्हॉल्व्हमधली तार तापवणाऱ्या विजेतून. त्यांनी एक व्हॉल्व्ह उपसला, ईबीसी ८१. भुंगा बंद. बसवला. भुंगा चालू. त्या व्हॉल्व्हच्या पोटात तापणारी तार आणि तिच्यावरची नळी यांच्यातलं आवरण झिजलं होतं आणि थोडी थोडी वीज पाझरत होती. दुसरा व्हॉल्व्ह मिळाला रविवारी, पुण्याच्या जुन्या बाजारात, एका गंजक्या शिवणयंत्राच्या आणि गणपतीच्या मखराच्या मध्ये. विकणाऱ्याला तो काय आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने महाग लावला.

तो बसवला आणि पुणे केंद्र लावलं. सकाळची वेळ. सातशे ब्याण्णव किलोहर्ट्झ. आवाज असा आला, की जणू बोलणारा बैठकीत पाट मांडून बसलाय. आईने अण्णांच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली. चाचांनी मजुरी घेतली नाही. म्हणाले, "आईंनी निदान केलं, मी नुसता कंपाउंडर."

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण संध्याकाळी सात वाजता तिसरा भुंगा आला.

हा वेगळाच. नुसता घूं नव्हे, घर्रर्र. आई म्हणाली, "सूर तोच, पण घसा बसलेला." आवाजाचं बटण कमी केलं की कमी, जास्त केलं की जास्त. एरियल काढली की गायब. म्हणजे चाचांच्या शास्त्राप्रमाणे चोर रेडिओत नव्हताच. तो बाहेरून, एरियलमधून येत होता. आणि बरोबर दहा वाजता थांबत होता. मी तीन दिवस वहीत वेळा टिपल्या. शेवटी मी अण्णांचाच मुलगा. सात ते दहा, सात ते दहा, सात ते दहा.

सात ते दहा जुन्नरमध्ये काय चालू असतं? माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तात्यांच्या घरातल्या मालिका! सातला टीव्ही लागतो, दहाला बंद होतो. आवाज भिंतीतून मलाही ऐकू येई. पुरावा एवढा पक्का, की मी चौथ्या दिवशी साडेसातला सरळ तात्यांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो.

आता बँकेतला माणूस तक्रार कशी करतो? नम्रपणे, पण मुद्द्यांना क्रमांक घालून. मी म्हटलं, "तात्या, तुमच्या टीव्हीमुळे आमचा रेडिओ घरघरतो. जरा बंद करून बघता का?"

आत मालिकेत कोणाच्या तरी मंगळसूत्राचा प्रश्न ऐन रंगात आला होता. वहिनी आतूनच म्हणाल्या, "अजिबात न्हाई." तात्या म्हणाले, "आवो भाऊ, आमचा टीव्ही आमच्या घरात, तुमचा रेडू तुमच्या घरात. मधी भित्ताड हाय की."

एवढ्यावर मी परत यायला हवं होतं. पण मी म्हणालो, "भिंतीचं काय घेऊन बसलात? तुमच्या वळचणीचं पाणीसुद्धा भिंत असून आमच्याकडे यायचंच."

हे वळचणीचं भांडण १९७८ सालचं. अण्णा आणि तात्यांचे वडील, दोघांनी ते मरेपर्यंत जपलं आणि जाताना कोणीच मुलांच्या नावावर केलं नव्हतं. मी ते फुकट उकरून काढलं. तात्यांचा चेहरा उतरला. ते काही बोलले नाहीत. दार मात्र लावून घेतलं. तात्यांचं दार लागलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी आली नाही.

आई एक वाजेपर्यंत ताट वाढून बसली होती. मग उठून तिने स्वतः तवा ठेवला. मी "राहू दे, मी खाणावळीतून आणतो" म्हटलं, तर ती शांतपणे म्हणाली, "तू महिनाभर आहेस रे. त्यानंतर?"

त्या 'त्यानंतर'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याने मी पुण्याला जाणार, धाकटा नाशकात. रात्री दोनला आईला काही झालं तर दुसरी किल्ली ज्याच्या हातात आहे, त्याच्याशी मी कशावरून भांडून आलो होतो? तर घर्रर्रवरून. आईला जुन्नरहून हलवायचं जे काम दोन मुलांना वर्षभरात जमलं नव्हतं, ते मी पाच मिनिटांत उरकत आणलं होतं.

संध्याकाळी पावणेसातला तात्यांचा नातू आला. बारावीतला. दारातूनच म्हणाला, "आजोबा, तात्यांनी सांगितलंय, आज आमच्याकडे टीव्ही बंद आहे. ऐकून घ्या म्हणाले." ('आजोबा' हा शब्द मी त्या गडबडीत सोडून दिला.)

मंगळसूत्राचा निकाल लागायचा दिवस आणि वहिनींनी टीव्ही बंद ठेवला होता! मी मान खाली घालून रेडिओ लावला. सात वाजले. आणि घर्रर्र!

आयुष्यात मला काही वेळा लाज वाटली आहे, पण इतकी मोठ्या आवाजात कधी नाही.

पोरगा मात्र उत्साहात आला. दरवर्षी अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदची महादुर्बीण लोकांना दाखवतात, तिथे तो जाऊन आलेला. खोडद आमच्याच तालुक्यात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश, चौदा मध्ये जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली ती इथेच, त्याचं एक कारण म्हणजे हा भाग रेडिओच्या दृष्टीने शांत. डोंगरांची आडभिंत, मोठे कारखाने नाहीत. दूरच्या आकाशगंगांचं कुजबुजणं ऐकायचं तर शेजारी गप्प हवा. "आजोबा, तिथं गेल्या गेल्या मोबाईल बंद करायला लावतात," पोरगा म्हणाला. "विजेच्या तारेवर कुठं ठिणगी उडत असली तरी तिचा आवाज त्यांना येतो. मग ती शोधत फिरतात. आपणही शोधू की. बॅटरीचा ट्रान्झिस्टर आहे का?"

त्याची युक्ती साधी होती. व्हॉल्व्हच्या रेडिओची पंचाईत अशी, की वीज घालवून चोर आपल्या घरात आहे का ते बघावं, तर वीज गेल्यावर रेडिओच बंद. बॅटरीच्या ट्रान्झिस्टरला ती अडचण नाही. मेन स्विच बंद केला, ट्रान्झिस्टर स्वच्छ. मेन चालू केला, घर्रर्र. म्हणजे चोर घरातलाच! तात्यांचा टीव्ही निर्दोष सुटला.

मग आमची दिंडी निघाली. पुढे पोरगा आईचा स्वयंपाकघरातला ट्रान्झिस्टर घेऊन, मागे मी, त्याच्या मागे आई. फ्रिजपाशी काही नाही. माझ्या मोबाईलच्या चार्जरपाशी थोडीशी कुरकुर. मधल्या खोलीत घर्रर्र वाढली. देवघराच्या दारात ट्रान्झिस्टर अक्षरशः ओरडायला लागला. आत समईच्या मागे बाळकृष्णाभोवती हिरव्यानिळ्या एलईडी दिव्यांची माळ लखलखत होती.

गेल्या दिवाळीला ती मी आणली होती. स्वस्त पडली म्हणून दोन आणल्या होत्या.

पोराने खुलासा केला. या माळेच्या डबीतलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतं आणि जोडतं. त्या तोडजोडीच्या लहरी थेट मीडियम वेव्हपर्यंत जातात. चांगल्या मालात त्या आत अडवायला फिल्टर असतो, स्वस्त मालात तो वाचवलेला असतो. आई रोज सातला, दिवेलागणीला, माळ लावत होती आणि दहाला झोपताना बंद करत होती. सात ते दहा.

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी दिवाळीतच फोनवर सांगितलं होतं तुला, की देव्हाऱ्याजवळ ट्रान्झिस्टर किरकिरतो. तू म्हणालास, ट्रान्झिस्टर जुना झाला, टाकून दे. मग मी तो ओट्यावर हलवला."

"मग आता चार दिवस का नाही बोललीस?"

"तू इतक्या हौसेने वहीत लिहीत होतास," आई म्हणाली. "आणि माळ तू आणलेली. नको कसं म्हणायचं?"

तीन भुंग्यांपैकी दोन आईने कानाने पकडले होते. तिसरा तिला दिवाळीपासून ठाऊक होता. चौकशी समितीने फक्त तिला साक्षीला बोलावलं नव्हतं.

मी त्याच पावली तात्यांकडे गेलो. मुद्द्यांना क्रमांक घातले नाहीत. "तात्या, चूक माझी. भुंगा आमच्या देवघरात होता. मीच आणलेला." तात्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून ओसरीवर जागा केली. "बसा. च्या घ्या. भाऊ, तुमच्या भुंग्याचे उपकारच हायेत. टीव्ही बंद म्हणून आज आमची मंडळी माज्याशी तासभर बोलली. आता उद्या काय बोलायचं त्येचा इचार पडलाय."

वहिनी आतून म्हणाल्या, "उद्या टीव्ही लागणार हाय." आणि थोडं थांबून, "आन् उद्या म्हातारीनं तवा ठिवू नगा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता भाकरी आली. मी निघायच्या आधी अण्णांच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने नोंद केली. कंडेन्सर दोन, व्हॉल्व्ह एक, तारीख, खर्च. शेवटी लिहिलं : 'भुंगा गेला. आईचे ऐकावे.'

माळ मी फेकून देणार होतो. आईने दिली नाही. डब्यात घालून ठेवली. त्यानंतर ती संध्याकाळी रेडिओ लावायची आणि देवाजवळ नुसती समई. पण कधीमधी रात्री तिचा फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणायची, "आज रेडिओ नाही लावला. तुझी माळ लावली होती." मग मी काही विचारत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळची जुन्नर गाडी पकडत असे.